हडप्पा, पाऊस आणि हाडांवरच्या खुणा

नोव्हेंबर २०२५ मध्ये आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि लगोलग त्याचे मथळे झाले : हडप्पा संस्कृती दुष्काळाने संपवली. मूळ निबंधाच्या शीर्षकात मात्र अंत, विनाश, पतन यांपैकी एकही शब्द नाही. तेथे योजलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘रूपांतर’ असा होतो. सुरवंटाचे फुलपाखरू होते त्या क्रियेला जीवशास्त्रात वापरतात तोच तो शब्द. प्राचीन हवामानाच्या संगणकीय प्रतिकृती आणि गुहा-तलावांतील नैसर्गिक नोंदी एकत्र करून सिंधू खोऱ्यातील नद्यांचे पाणी शतकानुशतके कसे घटत गेले, याचा हिशेब या गटाने मांडला. चार दीर्घ अवर्षणे, प्रत्येक ८५ वर्षांहून अधिक लांबीचे, हा त्या हिशेबाचा गाभा. त्यावरून ‘दुष्काळाने संपवली’ या वाक्यावर उडी घेणे सोपे आहे. पण या विषयातले खरे विज्ञान त्या उडीखाली राहून गेलेल्या जागेत आहे.

हडप्पाच्या शेवटासाठी आरोपी शोधण्याची हौस जुनी आहे. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पाची तटबंदी उकरली, मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत अस्ताव्यस्त सापडलेले सांगाडे जमेस धरले आणि ऋग्वेदातील ‘पुरंदर’ इंद्राला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ही कथा इतकी नाट्यपूर्ण होती की पाठ्यपुस्तकांतून ती कित्येक वर्षे हलली नाही. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी ते सांगाडे एका थरातले नाहीत, एका प्रसंगाचे तर नाहीतच, हे दाखवून दिले. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडांची तपासणी केली तेव्हा सामूहिक कत्तलीचा पुरावा म्हणावा असे घाव त्यांना आढळले नाहीत. इंद्र सुटला. गंमत अशी की वेदातला इंद्र हा अडवलेले पाणी मोकळे करणारा देव. पुरे फोडल्याच्या आरोपातून सुटलेल्या या देवावर आता पाऊस न पाडल्याचा खटला चालू आहे.

नव्या खटल्यातला मुख्य साक्षीदार मेघालयात आहे. चेरापुंजीजवळच्या मॉम्लूह गुहेत छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना जमिनीवर थराथराने साचून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभे राहतात. अशा स्तंभात दोन यंत्रे एकत्र बसवलेली असतात, एक घड्याळ आणि एक पर्जन्यमापक. घड्याळाचे तत्त्व साधे आहे. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे झिरपणारे पाणी सोबत युरेनियम आणते आणि थोरियम मागेच ठेवते. थर घट्ट झाला की त्यात अडकलेल्या युरेनियमचे संथ विघटन होऊन थोरियम-२३० तयार होऊ लागते. ते किती साचले यावरून थराचे वय निघते. पर्जन्यमापकाचे काम ऑक्सिजनचे समस्थानिक करतात. मान्सून जोमात असताना त्या प्रदेशातल्या पावसात जड ऑक्सिजन-१८ चे प्रमाण तुलनेने कमी असते, मान्सून मंदावला की ते वाढते आणि चुन्याच्या थरात तसेच गोठून राहते.

मॉम्लूहच्या अशाच एका स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून ढासळल्याची खूण मिळाली. जुलै २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघाने तीच खूण प्रमाण मानून पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडाला ‘मेघालयीन’ असे नाव दिले. भारतीय विज्ञानासाठी तो अभिमानाचा क्षण होता, यात शंका नाही. पण त्या घोषणेसोबत आणखी एक विधान जगभर फिरले : या एकाच जागतिक अवर्षणाने इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू खोरे आणि यांगत्से खोरे येथील संस्कृती कोसळल्या. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञांनी त्यावर हरकत घेतली, आणि त्यांची हरकत रास्त होती. चार देशांतली चार वेगळी पडझड, प्रत्येकीच्या कालमापनात दशकांची, कधी शतकाची अनिश्चितता. अशा वेळी सगळ्या तारखा एका रेघेवर ओढून बसवण्याचा मोह मोठा असतो. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेतही विद्यार्थ्याला बजावले जाते की त्रुटीपट्ट्या एकमेकींवर आल्या म्हणजे दोन राशी समान ठरत नाहीत. शिवाय मॉम्लूहमधल्याच इतर स्तंभांच्या पुढच्या, अधिक बारकाईच्या अभ्यासांत एक सलग कोरडे युग दिसले नाही. ओल्या आणि कोरड्या दशकांची उलटसुलट दिसली.

या अवर्षणाशी सर्वाधिक जोडले गेलेले साम्राज्य म्हणजे मेसोपोटेमियातील अक्कड. त्याचा संस्थापक सारगोन याच्या लेखात अक्कडच्या धक्क्याला मेलुहाची जहाजे लागत असल्याची बढाई आहे. मेलुहा म्हणजे बहुधा सिंधू खोरेच. १९९३ मध्ये हार्वी वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर सीरियातील टेल लेइलान हे नगर ओसाड पडल्याचा संबंध कोरड्या हवामानाशी जोडला. २००० मध्ये ओमानच्या आखाताच्या तळाच्या गाळात त्याच सुमारास वाऱ्याने वाहून आलेली धूळ एकाएकी वाढल्याचे दिसले. पुरावा भक्कम आहे. तरीही एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अक्कडच्या पतनावर रचलेल्या सुमेरी काव्याने दोष राजा नराम-सिनवर ठेवला. त्याने एन्लिल देवाच्या मंदिराची विटंबना केली म्हणून देव कोपला. प्रत्यक्षात नराम-सिननंतर त्याच्या मुलाने बराच काळ राज्य केले. म्हणजे पतनाला एक कारण आणि एक दोषी हवा, ही माणसाची गरज त्या पतनाइतकीच जुनी आहे.

पुन्हा सिंधूकडे. मॉम्लूह हडप्पापासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे आणि तेथे हिवाळी पाऊस जवळपास नगण्य. पंजाब-हरियाणात मात्र पश्चिमेकडून येणारा हिवाळी पाऊस गहू-जवाचा आधार असतो. म्हणून हडप्पाविषयी बोलायचे तर साक्षीदारही जवळचा हवा. २०१४ मध्ये यमा दीक्षित, डेव्हिड हॉडेल आणि कॅमेरॉन पेट्री यांनी हरियाणातील कोटला डहर या आज कोरड्या पडलेल्या तलावाच्या गाळातून गोगलगायींचे शंख वेचले. तलावातले पाणी आटताना हलका ऑक्सिजन वाफेबरोबर आधी निघून जातो, जड मागे राहतो आणि गोगलगाय त्याच पाण्यातून आपला शंख घडवते. सुमारे ४१०० वर्षांपूर्वीच्या शंखांत जड ऑक्सिजनचे प्रमाण एकाएकी वर चढलेले आढळले. २०२३ मध्ये अलेना गीशे यांच्या गटाने उत्तराखंडातील पिथोरागढ जिल्ह्यातल्या धरमजाली गुहेचा स्तंभ तपासून हे चित्र आणखी स्पष्ट केले. ४२०० वर्षांपूर्वीपासून पुढच्या सुमारे २३० वर्षांत तीन मोठी अवर्षणे, प्रत्येक २५ ते ९० वर्षांचे. आणि त्यांत उन्हाळी व हिवाळी असे दोन्ही पाऊस घटलेले. खरीप बुडाला तर रब्बी तारील, हा शेतकऱ्याचा जुना भरवसा त्या काळात दोन्हीकडून तुटला.

नव्वद वर्षे म्हणजे चार पिढ्या. आजोबांनी ज्या पावसाच्या गोष्टी सांगितल्या तो पाऊस नातवाने कधी पाहिलाच नाही, आणि नातवाच्या मुलाला त्या गोष्टी खोट्या वाटू लागल्या असतील.

पण येथेच मराठीतले दोन शब्द उपयोगी पडतात : अवर्षण आणि दुष्काळ. बोलताना ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. अर्थाने ते एक नाहीत. अवर्षण आकाशात घडते, दुष्काळ घराघरांत. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर जे अवर्षण आले त्यात लाखोंनी माणसे मेली, कारण करवसुली आणि धान्याची निर्यात थांबली नाही. १९७२ चे अवर्षणही भीषण होते. पण सरकारी कामांवरची मजुरी, सुकडी आणि मिलो यांनी बहुतेकांना जगवले. लवणस्तंभ अवर्षण मोजतो. दुष्काळ मोजणारा स्तंभ कोणत्याही गुहेत उगवत नाही.

कालक्रमही हेच सुचवतो. अवर्षण इ.स.पू. २२०० च्या सुमारास सुरू होते. मोठ्या नगरांचा काळ इ.स.पू. १९०० च्या सुमारास संपतो. मधली तीनशे वर्षे फार मोठी आहेत. आजपासून तेवढेच मागे गेले तर पहिल्या बाजीरावाच्या दौडी सुरू असतात. एवढ्या काळात जे घडते त्याला आघात म्हणता येत नाही; ती हजारो कुटुंबांच्या लहान-लहान निर्णयांची बेरीज असते.

त्या निर्णयांच्या खुणा दोन ठिकाणी फार बोलक्या आहेत, आणि योगायोगाने दोन्ही अभ्यासांत आयआयटी खरगपूरचे अनिंद्य सरकार आहेत. हरियाणातील भिराणा येथे मिळालेल्या जनावरांच्या दात-हाडांतील ऑक्सिजनवरून त्यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की मान्सून तेथे हजारो वर्षे उतरणीलाच लागलेला होता, तरी वस्ती टिकून राहिली. गहू-जवावरचा भर कमी करून लोक भरड धान्ये आणि भाताकडे वळले. ही पिके कमी-जास्त पावसाला सोसतात, पण मोठ्या कोठारांत साठवून नगर पोसायला सोयीची नाहीत. म्हणजे पोट भरले, नगरव्यवस्था सैल झाली. २०१९ मध्ये कच्छच्या धोलावीराबद्दल बहुतांशी त्याच चमूचा निष्कर्ष वेगळा निघाला. भव्य जलाशय बांधून वाळवंटाच्या काठी उभे राहिलेले ते नगर मेघालयीन अवर्षणाच्या सुरुवातीला कोसळले असावे. निबंधाचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे, हे विशेष. दोन निष्कर्षांत विरोध नाही. एका ठिकाणी पीक बदलण्याची सोय होती, दुसऱ्या ठिकाणी पाण्याची जागा घेईल असे काही नव्हते.

नद्यांबद्दल थोडक्यात. घग्गर-हाक्रा खोऱ्यातली नगरे हिमालयातून येणारी महानदी आटल्यामुळे उजाड झाली, असे पुष्कळ काळ सांगितले गेले. २०१७ मध्ये आयआयटी कानपूर आणि लंडनचे इंपीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी तेथली पुरलेली वाळू तपासली. वाळूच्या कणाला शेवटचे ऊन कधी लागले, हे त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाने मोकळे करून मोजता येते. उत्तर आले की सतलजने ते पात्र सुमारे ८००० वर्षांपूर्वीच, म्हणजे नगरे वसण्याच्या कितीतरी आधी सोडले होते. महापुराचे भय नसलेल्या त्या जुन्या दरीत लोक जाणूनबुजून वसले असावेत. नदी गेल्यामुळे शहरे मेली ही कथा तारखांनीच उलटी केली.

आता रोग. याबाबत हवामानाइतके बोलले जात नाही, आणि जे बोलले जाते ते बहुधा ‘महामारीने शहर रिकामे झाले’ अशा ठोकताळ्यांत. हडप्पा येथे जुन्या उत्खननांत तीन वेगळ्या जागी मानवी अवशेष मिळाले. एक, नगरकाळातले आर-३७ हे दफनस्थान. दोन, नगरकाळानंतरचे एच दफनस्थान. तीन, तटाबाहेर आग्नेयेला असलेली जी क्षेत्रातली जागा, जेथे प्रामुख्याने कवट्या भांड्यांसोबत एकत्र टाकलेल्या आढळल्या. यांतले जुने संग्रह कोलकात्यात भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेत आहेत. ग्वेन रॉबिन्स शुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची नव्याने तपासणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. कुष्ठरोग नगरकाळातच हजर होता आणि काळानुसार वाढत गेला. नगरकाळानंतरच्या हाडांत क्षयरोगाच्या खुणाही दिसू लागल्या. डोक्यावरच्या जखमांचे प्रमाणही वाढले. आणि या सगळ्याचा भार सर्वांवर सारखा नव्हता. जी क्षेत्रातल्या त्या तटाबाहेरच्या माणसांत रोग आणि मार, दोन्ही एकवटलेले होते.

सिंधू संस्कृती म्हणजे राजा नसलेली, युद्ध नसलेली, समतेची नगरी, हे चित्र कित्येकांच्या मनात आहे. त्या चित्राला या कवट्या सहन होत नाहीत. पाऊस सगळ्यांसाठी कमी झाला. त्याची किंमत मात्र काहींनीच अधिक मोजली, आणि मेल्यावरही त्यांना इतरांसारखी जागा मिळाली नाही. लवणस्तंभाच्या आलेखात ही ओळ कधीच उमटली नसती.

हाडांच्या साक्षीलाही मर्यादा आहेत आणि त्या ओळखणे हे चांगल्या मापनाचे लक्षण. हाडावर खूण उमटायला रोगाला महिने, वर्षे लागतात. पटकी, देवी किंवा तीव्र तापाने चार दिवसांत दगावलेल्या माणसाचे हाड अगदी निरोगी दिसते. एखाद्या दफनस्थानात रोगट हाडे अधिक सापडली तर तेथली माणसे अधिक आजारी होती, की आजार सोसून अधिक काळ जगली, असा पेच उभा राहतो. म्हणून हडप्पात झपाट्याची महामारी आली नाही, असे ही हाडे सांगू शकत नाहीत. आली, असेही नाही. ती सांगतात एवढेच की दीर्घ रोग पसरत होते आणि ते कोणाच्या वाट्याला जास्त आले.

याच निकषाने राजस्थानातील बालाथलचा एक सांगाडा पाहण्यासारखा आहे. उदयपूरजवळच्या या गावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. बालाथल हडप्पा संस्कृतीचे नव्हे, तिच्या शेजारच्या आहाड संस्कृतीचे गाव. तेथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या चेहऱ्याच्या हाडांत कुष्ठरोगाची स्पष्ट झीज आढळली. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा कुष्ठरोगाचा तो जगातला सर्वात जुना अस्थिपुरावा ठरला. दगडी भिंतींच्या आत, जळलेल्या शेणाच्या राखेत त्याला पुरले होते. नाकाची व वरच्या जबड्याची हाडे झिजेपर्यंत तो जगला, याचा अर्थ कित्येक वर्षे त्याला कोणीतरी खायला घालत होते, किंवा तो स्वतःचे कमवून खात होता. अवर्षणाच्याच त्या शतकांत एका खेड्यातली ही गोष्ट. आणि हडप्पाच्या तटाबाहेरची ती दुसरी.

रोगजंतू हाती लागला म्हणजे सगळे सुटते, असेही नाही. रोमन साम्राज्याचे उदाहरण पुरे आहे. इ.स. ५३६ मध्ये ज्वालामुखीच्या धुळीने सूर्य मंदावला, ५४० मध्ये पुन्हा मोठा उद्रेक झाला, ५४१ मध्ये इजिप्तमध्ये प्लेग उतरला आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. एवढा सरळ क्रम क्वचितच मिळतो. २०१३ मध्ये बव्हेरियातील आशहाइमच्या कबरींतून प्लेगच्याच जिवाणूचा डीएनए मिळाला, म्हणजे निदानही पक्के झाले. आणि तरी २०१९ मध्ये काही इतिहासकारांनी परागकण, नाणी, शिलालेख, पपायरस अशी साधने तपासून विचारले की जर निम्मे साम्राज्य मेले तर शेती, नाणी आणि कोरीव लेख यांत तेवढा खड्डा का दिसत नाही. तो वाद अजून मिटलेला नाही. जंतूची उपस्थिती एक मापन. त्याने किती मारले हे दुसरे. साम्राज्यावर काय परिणाम झाला हे तिसरे.

सिंधू खोऱ्यात पहिले मापनही अवघड आहे, कारण उष्ण, कधी ओल्या कधी कोरड्या जमिनीत डीएनए टिकत नाही. २०१९ मध्ये राखीगढीच्या जनुकीय अभ्यासासाठी तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एका स्त्रीच्या अवशेषांतूनच पुरेसा मानवी डीएनए मिळाला. पण कुष्ठरोगाच्या जिवाणूभोवती मेणासारखे जाड आवरण असते. युरोपातील मध्ययुगीन सांगाड्यांत माणसाचा डीएनए जवळपास विरून गेला असतानाही या जिवाणूचा डीएनए आश्चर्य वाटावे इतका शाबूत सापडला आहे. बालाथलचा तो सांगाडा आणि हडप्पाच्या तटाबाहेरच्या त्या कवट्या भारतातच आहेत.